वर तीन विती

दोरीचं दुसरं टोक धरणं हे माझं काम,
सहा वर्षांचा होतो तेव्हापासून.
त्या टोकाला अपा, या टोकाला मी,
मध्ये कोचकोरच्या वरचं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या
आणि युर्त जिथे उभं राहणार ती रिकामी जागा.

अपा दोरी ताणायची. म्हणायची, "एवढं आरपार."
तेवढंच गवतावर तीनदा मोजायची,
आणि वर तीन विती, दोन बोटं.
"झाला पट्टा."
मग हिवाळाभर विणत बसायची तो,
लाल, काळा, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी,
अजून न उभ्या राहिलेल्या घराच्या कमरेसाठी.

वर तीन विती का?
तिच्या आईने सांगितलं म्हणून.
तीनदा मोजून हात आखडला
तर पट्ट्याची टोकं नुसती समोरासमोर राहतात,
भांडलेल्या जावांसारखी.

मग आयझिरेक एजे बिश्केकहून आली,
गणिताची दोन वर्षं करून, थोडी वाळलेली.
दोरी बघून म्हणाली, "हा तर पाय."
मी माझ्या पायांकडे पाहिलं.
बूट शेणाने भरलेले.

तिने मातीत काडीने काढलं
एक छप्पर, खाली दोन खांब.
"कुठलंही वर्तुळ घे. किटलीचं झाकण,
युर्तच्या डोक्यावरचं तुंदुकचं कडं,
घेराला आरपारने भाग. उत्तर हेच येतं."
"माझंच?" अपाने विचारलं. "तीन आणि वर थोडं?"
"तुझंच. फक्त तुझी बोटं जिथे थांबतात
तिथे ते थांबत नाही."

अपाने चहात दूध ओतलं.
"म्हणजे फार मोठं असणार."
"सव्वातीनपेक्षाही कमी."
"मग न संपायला त्याला जागा कुठे?"

एजे बराच वेळ गप्प.
बाहेर घोडी खुराने दगड खरवडत होती.
मग पट्ट्याच्या कडेचा एक धागा तिने उसवला,
पीळ सोडला, तंतू वेगळा केला, उजेडाला धरला.
"आत. विती सरल्या की बोटं,
बोटं सरली की असं काहीतरी,
मग याहून बारीक. दर वेळी थोडं उरतंच.
आणि एकच नक्षी पुन्हा पुन्हा, असं कधी होत नाही."

बाकी सगळं अपाने ऐकून घेतलं. हे शेवटचं नाही.
जिची शिंगं दर हाताला इमानाने परत येतात
ती बाई म्हणाली,
"असं विणणाऱ्याला मी माझी लोकर देणार नाही."
आणि उसवलेला धागा पुन्हा आत खोचला.

जूनमध्ये युर्त उभं केलं.
रात्रभर पाऊस. नमदा भिजून फुगला,
सकाळी पट्टा चार बोटं कमी.
अपा खूश. "तुझ्या आकड्याला पावसाचं सांगितलं नव्हतंस?"
एजे ओल्या दारात उभी, केस विस्कटलेले.
"हे वर्तुळच नाही, अपा.
दाराकडे चपटं आहे, वाऱ्याकडे पोट सुटलंय.
जे खरं गोल, ते कुठल्याच कुरणात उभं नाही.
हा आकडा त्याच्या मापाचा."
"मग त्यात राहतं कोण?"
यावर मात्र एजे हसली.
दोघींनी मिळून पट्ट्याला दोरखंडाचा तुकडा जोडला.
मी गाठ मारली. गाठ मला येते.

आता एजे लांब शिकवते, सणाला फोन करते.
पट्टे अजून लागतात, पर्यटकांच्या युर्तना जास्तच.
अपा दोरी ताणते,
तीनदा आरपार, तीन विती, दोन बोटं,
आणि तिथे दोरीवर अंगठा जरा जास्तच वेळ ठेवते.
"पुढचं आयझिरेकचं," म्हणते.
मी टोक सोडत नाही,
ती सांगेपर्यंत.