उडी

वाढोण्याचा बाजार उठला की शटर ओढतो
आणि सोल्डरिंगची कांडी पुन्हा तापवतो.
आज भालेकऱ्याच्या गुडघ्यात वाकण हवी.
पटावरचा गडी, बोटभर उंचीचा;
पेटीतून निघाला तेव्हा सावधान उभा,
जणू कोणी विश्राम म्हणायचंच विसरलं.

कमरेत कापला. धड तिरपं बसवलं,
फट एम-सीलनं बुजवली,
डावा हात दुसऱ्याचा, मोडक्या डब्यातला.
टाचेत टाचणी खुपसली, तशी जमीन सुटली.

काउंटरवर रणांगण: चुलीतली राख,
पऱ्हाटीच्या काड्यांचं जळकं रान,
उदबत्तीचा धूर फुंकून आडवा केलेला.
मागून टॉर्च धरून भाचा, वेदू,
श्वास रोखून.
"मामा, थो उडी मारून पडन कुठी?"
"हलू नको," म्हटलं. एकवीस फोटो काढले.
विसाव्याला लाइन गेली, तोच सगळ्यात बरा.

रात्री मोठा करून पाहिला तर
खालच्या कोपऱ्यात पांढरं काही.
आधी वाटलं, लेन्सवर डाग.
मग ओळखलं: बोंडातला कापूस,
सरकी काढून, बोटांनी पिंजून,
भालेकरी जिथं उतरला असता
बरोब्बर तिथं.

कोपरा कापायला बोट नेलं होतं.
राहू दिला.