कथील

रॉटरडॅमचा कंटेनर माझ्या काट्यावर भरला
सव्वीस टन चारशे.
पावती फाडली. माल: भंगार, लोखंडी.

यार्डात चुंबकाने सगळं उचललं,
सायकलींच्या फ्रेमा, साखळ्या, कुणाच्या तरी दाराच्या बिजागऱ्या.
धुण्याच्या मशीनच्या ड्रममधून काहीतरी घरंगळलं.
चुंबक त्यावर दोनदा उतरलं
आणि रिकामंच वर गेलं.
"हिला नको म्हणतंय की," कौसाबाई म्हणाली,
आणि हातमोजा काढून तिने उचलली
एक ताटली.

साय धरलेल्या दुधाइतकी पांढरी.
वर निळं: पाणी, शिडाची नाव,
पुलावर गळ टाकून बसलेला टोपीवाला.
कडेचा टवका उडालेला, तिथं माती, पिवळट, भुसभुशीत.
कौसाबाईने नखाने खरवडली.
"आपल्या कुंडलिकेचा गाळ दिसतोय."

कादराबादेत चाँदपाशा कल्हईवाल्याकडे
आता लग्नसराईतल्या देगा तेवढ्या येतात.
त्याने टिचकी मारून कानाशी धरली,
टवक्याची कड जिभेला लावली.
"कथील आहे बाई. मातीला कल्हई!
जन्मभर तांब्यापितळेवर फिरवली,
हे बापानेही सांगितलं नव्हतं."
मग भट्टीपासून हातभर लांब सरकवली,
नवसागराचा धूर लागू नये म्हणून.

कॉलेजातले जोगदंड सर म्हणाले, वलंदेजांची.
तीनशे वर्षं तरी.
चीनची भांडी बघून त्यांचा जीव खुळावला,
तसली माती तर मुलखात नाही,
मग आपल्याच चिखलावर कथलाचं पांढरं चढवलं.
कच्चा लेप टीपकागदासारखा रंग पितो, म्हणाले.
रेघ ओढली की ओढली.

तेव्हा मी पुन्हा बघितलं.
टोपीवाल्याच्या गळाची दोरी पाण्यात पडतच नाही.
अर्ध्यातून वळून ती शिडात शिरलीय.
कुणी हाक मारली असेल.
किंवा थंडीने बोटं वाकली असतील.
माझ्याकडेही खाडाखोड चालत नाही,
पण मला तिन्ही प्रतींवर 'रद्द' तरी मारता येतं.
त्याने ती तशीच भट्टीत घातली,
आणि कुणीतरी ती विकतही घेतली.

ताटली कौसाबाईची, असं आम्हीच ठरवलं.
कागदावर ती कुठं नव्हतीच.
रात्रपाळीला गाड्या थांबल्या तेव्हा
तिने ती काट्याच्या मधोमध ठेवली.
पडद्यावर शून्य.
दहा किलोच्या खाली काटा बोलत नाही, मी सांगितलं.
तिला पटेना.
चपला काढून स्वतःच उभी राहिली प्लेटवर,
ट्रकांच्या चिखलात अनवाणी, ताटली छातीशी.
"किती?"
चाळीस.
"आता?" ताटली खाली ठेवून.
चाळीस.
"मशीन खराब आहे तुझं," ती म्हणाली
आणि ताटली पदरात गुंडाळून
गेटकडे चालायला लागली.