कोरा पाच

उसकईला सोसायटीच्या दुकानामागे
हिरव्या शटरचं गॅरेज.
शटर म्हापशाचं, मोटर दुबईची,
भिंतीवरचा कीपॅड
सालू तारवटीनं साउथॅम्प्टनहून आणलेला,
मोज्यात गुंडाळून.
सालू मे महिन्यात गेला.
आकडा सांगायचा राहिला.

एर्मेलिंदाबाय म्हणाली, शटर कापायचं नाही.
मी म्हणालो, कापत नाही. वाचतो.

पंधरा वर्षं हेच करतोय.
डिचोलीहून स्कूटर, डिकीत मल्टिमीटर,
रॉकेलची बाटली, जुना टूथब्रश.
खारी हवा आधी स्प्रिंग खाते, मग तारा.
मुंग्या सर्किटवर अंडी घालतात.
माणसं जन्मसाल घालतात,
नाहीतर गाडीचा नंबर,
जो गाडीवरच लिहिलेला असतो.
पर्वरीच्या एका पात्रावाचा एक-दोन-तीन-चार होता
आणि वर कॅमेरे आठ.

झाकण उचललं.
दोन, चार, सहा, आठ:
रबर गुळगुळीत, आकडे अर्धे पुसलेले.
बाकीची बटणं कालच दुकानातून आल्यासारखी.
मधला पाच तर कोरा,
चारी बाजूंनी झिजलेल्यांत
कुणी न शिवलेला.

चार बटणं म्हणजे चोवीस वाटा, बाय.
त्यांनी एखादा आकडा दोनदा घेतला असता
तर तीनच झिजली असती
आणि वाटा छत्तीस.
खुणा कमी, कुलूप जास्त.
ती म्हणाली, सालूला हिशेब कधी जमलाच नाही.

दोन-चार-सहा-आठ. नाही.
उलटं. नाही.
पाच चुका झाल्या की लाल दिवा,
पाच मिनिटं गप्प बसायची शिक्षा.
तिनं कोकमाचं पाणी आणलं.
तुमचा वाढदिवस असेल का?
ती हसली. त्याला आठवत असता, तर.

दुसऱ्या लाल दिव्याला
मागच्या माडावरून कुष्टा पाडेली उतरला,
कमरेला कोयता, पोटावर सालपटं.
माझी दोरी आत आहे, म्हणाला.
दिवा विझायची वाट पाहिली,
मला खांद्यानं सारलं
आणि चिकट अंगठ्यानं, दुसरीकडेच बघत, चार वेळा दाबलं.
शटर कुरकुरत वर.

आकडा कोणता रे?
आकडा नाही ठाऊक. हात जातो.
पात्राव करायचे तसा.
आणि हवेत करून दाखवलं:
वर. खाली. डावीकडे. उजवीकडे.

एर्मेलिंदाबायचा हात
कपाळापर्यंत गेला, तिथंच राहिला.
चाळीस वर्षं मिसेला आला नाही, ती म्हणाली.
फेस्ताला बाहेर फेरीत उभा राहून खाजें खायचा.
आणि इथं, दिवसाला दोनदा...
पुढचं कोकणीत, स्वतःशी,
बऱ्यापैकी रागानं.

आत बसक्या टायरांची झेन, रंगाचे डबे,
कुष्टाची दोरी.

बदल, ती म्हणाली.
कुष्टाला येतो म्हणजे गॅसवाल्याला येतो,
गॅसवाल्याला येतो म्हणजे उसकईला येतो.
मी मोटरवरचं पिवळं बटण दाबलं.
आता तुमचा आकडा. मला सांगू नका.
तिनं मला ट्रान्सफॉर्मरकडे तोंड करून उभं केलं,
शाळेतल्यासारखं.

पीक. लगेच पीक.
मग बोट लांब गेलं. पीक.
मग तिथंच पुन्हा.
पाठीला डोळे नसतात हो,
पण पंधरा वर्षांचे कान
कुठे ठेवायचे?

जाताना बजावलं, दहाही बटणं पुसत जा.
रोजची चार नव्हे, दहाही.

सात महिन्यांनी पुन्हा फोन, बॅटरी संपली.
पोचलो तर ती पोर्चात नव्हती.
नवी बॅटरी घातली, दिवा निळा झाला.
दहाही बटणं सारखी पांढुरकी,
काथ्यानं, राखेनं, भांड्यांसारखी घासलेली.
पाचसुद्धा.
वाचण्यासारखं काही उरलेलं नाही.

आणि माझा हात
आपोआप वर गेला.
तो खिशात घातला.
बेल वाजवली.