एक तास पुढे

हडर्सफील्ड. सोबत हवी, आठवड्यातून तीनदा:
औषधं, पोस्ट, बाजारातली कोथिंबीर, थोडं बोलणं.

पहिलीकडे प्रमाणपत्रं होती, लॅमिनेट केलेली.
दुसरा अण्णांशी मोठ्यांदा, तुटक बोलला,
जणू ते बहिरे. किंवा नुकतेच विमानातून उतरलेले.
एकतीस वर्षं बस चालवली त्यांनी याच चढांवर.

तिसरी, होलरॉइडबाई. चहा अर्ध्यावर ठेवून
भिंतीकडे बघत म्हणाली,
"तुमचं घड्याळ उन्हाळ्यातच राहिलंय की,"
आणि बूट काढून स्टुलावर चढली.

मी दर पंधरवड्याला येते.
ऑक्टोबरपासून ते घड्याळ बघते
आणि मनातल्या मनात
एक तास वजा करते.

आई म्हणाली, "हिला विचार, सोमवारी जमेल का."
अण्णा काही बोलले नाहीत.
स्टूल धरून उभे होते.