सीटचं माप

भावाची गाडी माझ्याकडे आली तेव्हा
तिच्यात भाऊ शिल्लक होता.
हँडल खाली, पायदान मागे,
सीट टाकीकडे उतरलेली,
प्रत्येक ब्रेकला मी चार बोटं पुढे,
मग बूड उचलून पुन्हा मागे.
सांगली ते जत असं किती वेळा, मोजलं नाही.
पाठीवर औषधांच्या सॅम्पलची बॅग,
मनगटांत मुंग्या.
मागची सीट तर
पाटावर पाट ठेवून पाहुण्याला चढवल्यासारखी.
आई एकदाच बसली,
विश्रामबागच्या चौकात उतरली,
म्हणाली, तू हो पुढं, मी रिक्षानं येते.

शोरूमवाला म्हणाला, स्पोर्ट गाडी आहे मॅडम,
दुखणारच.
जणू दुखणं कंपनीतूनच फिट होऊन आलंय.

माधवनगर रोडला
वेल्डिंगवाला आणि रसवंती यांच्या मधल्या गाळ्यात
दस्तगीर मुलाणींचं दुकान.
पाटी नाही. खिळ्यांना टांगलेल्या सीटा,
रेक्झिन काढलेल्या, पिवळ्या, उघड्या पडलेल्या.
त्यांनी मॉडेल विचारलं नाही.
विचारलं, कुठं दुखतंय?

रोज दहा-बारा डॉक्टरांसमोर उभी राहते मी
वेदनाशामकांची नावं घेत.
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

बाकावर त्यांनी खोक्याचा पुठ्ठा टाकला.
"बसा. गाडीवर बसता तसं. जरा वाका पुढं."
आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून
कॅलेंडर वाचत राहिले,
सगळा महिना.

उठले तर पुठ्ठ्यात दोन खळगे.
"ह्या दोन हाडांवर माणूस बसतोय," म्हणाले,
"बाकी नुसतं सोबतीला."
मी मऊ फोम मागितला.
हसले. "मऊ हितं दुकानात बरं वाटतंय.
कवठेमहांकाळ येईस्तोवर खालचा पत्रा लागतोय बघा.
उतार मोडतो. पुढनं निमुळती, पाय टेकतील.
मागनं रुंद.
आणि शिवण हाडाखाली येऊ द्यायची नाही,
ती बाजूनं फिरवू."

मग त्यांचा अंगठा डाव्या खळग्यात थांबला.
"ह्यो खोल आहे. कधी पडलाय?"

नागजच्या अलीकडे. खडी सांडली होती.
घरी बोलले नाही.
उजवा इंडिकेटर बदलला
आणि सॅम्पलमधल्या गोळ्या स्वतःच खाल्ल्या,
कंपनीला त्या
कुण्या डॉक्टरच्या नावावर दाखवल्या.

"सरळ करू, का आहे तशी?"
मी बघत राहिले.
"सरळ केली तर कंबर महिनाभर भांडंल,
मग ऐकंल. किंवा नाही ऐकायची.
आहे तशी केली तर तुमचीच एकटीची हुईल.
विकताना भाव येणार नाही."

शेजारी रसवंतीचे घुंगरू वाजत होते,
कुणीतरी आलं-लिंबू जास्त सांगत होतं.

आहे तशी करा, म्हणाले.

करवतीच्या पात्यानं फोम कापला त्यांनी,
वरून पॉलिशपेपर, वरून तळहात,
तळहात फिरवताना डोळे मिटलेले.
स्वतः बसले होते
पालथ्या घातलेल्या रंगाच्या बादलीवर,
एक पाय लांब सोडून.
गाडी चालवता का, मी विचारलं.
"सायकल होती," म्हणाले,
आणि तोंडातला दोरा दातांनी तोडला.

मंगळवारी जतला गेले.
नागजला नेहमी थांबते चहाला,
पाठ धरून, आळोखेपिळोखे देत.
जतचा पहिला पेट्रोल पंप दिसला
तेव्हा कळलं, नागज मागे गेलं.

रविवारी सन्मती आला पुण्याहून.
एक चक्कर मारतो, म्हणाला, आयर्विन पुलापर्यंत.
पोहे वाफेला ठेवले तोवर परत.
"आक्का, सीटचं काय केलंस गं?
वाकडी आहे."

हो, म्हटलं.
किल्ली ठेव तिथं, लिंबाच्या वाटीशेजारी.