एकोणचाळिसावा

सव्वाअकराला निलोफर मुकादमनं फोन लावला.
मुलुंड, वन बीएचके, तिसरा मजला.
"कालच गेला हो," एजंट म्हणाला,
नाव ऐकून झाल्यावर.

साडेअकराला मी. वैजयंती केतकर.
गेलेला फ्लॅट परत आला
बाल्कनीसकट,
डिपॉझिटही जरा नरमलं.
"सोसायटी चांगलीये ताई,
सगळी आपलीच माणसं."

नोंदवहीत वेळेचा रकाना आहे, भाड्याचा आहे,
'आपली'ला नाही.
तो शब्द मी समासात लिहिते, आडवा.

दुपारी जाऊन फ्लॅट बघून आले.
डिमेलो वकील म्हणतात, एका नकाराचं काही होत नाही,
चाळीस झाले की कागद बोलायला लागतो.
हा एकोणचाळिसावा.

संध्याकाळी, कुर्ल्याच्या ऑफिसात,
चहा गाळता गाळता निलोफर विचारते,
ओटा कुठल्या बाजूला?
पूर्वेला, मी सांगते. समोर खिडकी.
खिडकीत शेवगा.

"शेवगा?"
गाळणी तशीच हातात, थेंब टेबलावर.
चार महिने झाले, तीही घर शोधतेय,
आमच्या कामासाठी नव्हे, राहायला.

"हाताला येतो?"

येतो, मी म्हणते.
शेंगा धरल्यात.