डाव्या कानाशी

उजवा कान मागांनी नेला,
म्हणून मी डाव्या कानाशी बसते.
गच्चीवर, रात्री साडेदहाला,
विडी घरकुलातल्या भिंती
दिवसभराचे चव्वेचाळीस अंश परत करत असताना,
आणि खाली आई नि मल्लव्वाकाकू
पाणी आज येणार की उद्या, यावर भांडत असताना.

नायना, ऐक, मी ओरडते,
बर्फावरच्या हॉकीत गोलकीपर असतो ना...
बर्फावर?
हो, बर्फावर.
एवढा बर्फ आणतात कुठून?
त्याचा बर्फ म्हणजे भुशात गुंडाळलेली लादी,
साखर पेठेतून हातगाडीवर टपटपत जाणारी,
पोचेपर्यंत निम्मी.

कॉलेजच्या प्रश्नमंजूषेत माझ्या चिठ्ठीला हा विषय आला.
क्रिकेट आधीच पोरांनी उचललं होतं.

चेंडू नसतो, नायना, रबराची चकती असते.
सामन्याआधी ती गोठवून ठेवतात,
उसळू नये म्हणून.
बरोबर आहे, तो म्हणतो,
वस्तू तापली की तिचा नेम राहत नाही.

पूर्वी तोंडावर काहीच नसायचं त्यांच्या.
एक जण तसाच, उघड्या तोंडाने,
पाचशे दोन सामने सलग उभा राहिला.
रजा नव्हती?
घेतली नाही.
निजमा?
खरंच. आणि मैदानात उतरण्याआधी
तो दरवेळी ओकायचा.
यावर नायना काही बोलत नाही.
आई जिन्यात आली होती, विडीचं सूप रिकामं करायला.
ती म्हणाली, पहिली पाळी असली की
आमच्याकडेही चहा पोटात राहायचा नाही
कुणाच्या तरी.

मग मी गोलच्या खांबांशी बोलणाऱ्याचं सांगितलं.
त्यात काय, नायना हसला,
मी सात नंबरच्या मागाशी बोलायचो. तेलुगूत.
मालक मराठीत शिव्या द्यायचा,
तेव्हा तो हटकून सूत तोडायचा.

पुढचं त्याला सर्वांत आवडलं,
दोनदा सांगायला लावलं:
एका रात्री दोन्ही गोलकीपर जायबंदी झाले,
तेव्हा बेचाळीस वर्षांच्या एका माणसाला उतरवलं.
कधी बर्फ सारखा करायचं यंत्र चालवायचा तो.
आणि संघ जिंकला.
बदली! नायना गुडघ्यावर थाप मारून ओरडला,
बदली कामगार तो!
माझा बाप सहा वर्षं मिलच्या फाटकाशी उभा राहिला,
कुणी आजारी पडावं म्हणून, देवा, माफ कर.
काय मिळालं त्याला?
थोडे पैसे. आणि अंगावरची जर्सी, ठेवून घ्यायला.
आम्हाला टॉवेल द्यायचे. दिवाळीला.
कोपऱ्यात डाग असलेला.

शेवटचं मी हळू सांगितलं,
म्हणजे परत मोठ्यांदा सांगावं लागलं:
एका गोलकीपरने मुखवट्यावर काळ्या शाईने टाके काढले.
मुखवटा नसता
तर जिथे जिथे लागलं असतं, तिथे तिथे.

नायनाच्या डाव्या भुवईवर सात टाके आहेत.
धोटा मागातून सुटला, तो पुढच्या मागावर होता,
सिव्हिलमधून परत येऊन त्याने पाळी पुरी केली.
ही गोष्ट घरात इतकी जुनी
की आम्ही ती आता ऐकतही नाही.

पण त्याने भुवईला हात लावला नाही.
बोट गालावर ठेवलं.
इथून एक गेला होता, म्हणाला, अशोक चौकातल्या कारखान्यात.
मग कानाच्या पाळीवर. इथून.
मग हनुवटीखाली, मग परत गालावर, जरा वर,
अंधारात आडव्या बारीक रेघा,
न लागलेले धोटे,
तेवीस वर्षांचे.

खाली नळाला पाणी आलं.
बादल्या वाजल्या, आई माझ्या नावाने ओरडू लागली.
त्याला ऐकू गेलं नाही.
मी उठले नाही.
एकोणीस, तो म्हणाला,
आणि बोट गळ्यापाशी थांबलं,
विसाव्याची जागा आठवत.